एका फोटॉनकडून किती माहिती मिळाली? बिटांत हिशेब काढण्याची रीत

ध्रुवीकरणाचे प्रॅक्टिकल बहुतेक कॉलेजांत होते. मालसचा नियम (आरपार जाणारा उजेड दोन फिल्ममधल्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात) जुळतो, आलेख निघतो, जर्नलवर सही होते. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: या मोजमापातून माहिती किती मिळाली? इथे बहुतेक जण आलेल्या निकालांची एन्ट्रॉपी (म्हणजे अनिश्चितता, बिटांत मोजलेली) काढतात आणि तिलाच मिळालेली माहिती म्हणतात. ते चूक आहे. निकाल किती अनिश्चित होता हा एक आकडा. निकाल कळल्यावर मूळ प्रश्नाबद्दलची (इथे: फोटॉन कोणत्या ध्रुवीकरणाचा पाठवला होता?) आपली अनिश्चितता किती घटली हा दुसरा, आणि माहिती म्हणजे हा दुसरा आकडा. निकालाची एन्ट्रॉपी ०.६० बिट आणि माहिती शून्य, असे मोजमापही याच सामानावर होते. ते सातव्या टप्प्यात आहे आणि ते केल्याशिवाय प्रयोग पूर्ण झाला असे समजू नका.

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या तालुक्याच्या कॉलेजात ऑप्टिकल बेंच असेलच असे नाही, वीज मध्येच जाते, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. हे सगळे धरून ही पद्धत लिहिली आहे.

सामान, आणि ते निवडताना होणाऱ्या चुका

*लेसर.* ६५० नॅनोमीटरचा, ५ मिलिवॅटपर्यंतचा लाल लेसर पुरतो. साध्या पॉइंटरमध्ये तीन बटण सेल असतात. ते लवकर बसतात आणि रीडिंग घेता घेता उजेड उतरत जातो. त्यांच्याऐवजी होल्डरमध्ये तीन पेन्सिल सेल घालून तारा जोडा. व्होल्टेज तेच, साडेचार, पण सेल बराच वेळ टिकतात. सुटे मॉड्यूल घेतले असेल तर ते किती व्होल्टचे आहे हे आधी बघा. तीन व्होल्टच्या मॉड्यूलला साडेचार दिले तर डायोड जातो.

*पोलरायझर फिल्मचे दोन तुकडे.* रेषीय ध्रुवीकरणाची फिल्म हवी. थ्रीडी सिनेमाचे चष्मे बहुतेक वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे असतात. त्यांत काचेची बाजू उलटसुलट झाली की निकाल बदलतो, म्हणून ते वापरू नका. फिल्म नवी असेल तर दोन्ही बाजूंचे संरक्षक प्लास्टिक सोलून काढा. ते तसेच राहिले तर ध्रुवीकरण बिघडते आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

*फोटोडायोड.* बीपीडब्ल्यू ३४ किंवा तसाच सिलिकॉन फोटोडायोड घ्या, त्याच्या दोन पायांत १०० ओहमचा रेझिस्टर जोडा आणि रेझिस्टरवरचा दाब मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर मोजा. एक मिलिअँपिअर प्रवाहाला १०० मिलिव्होल्ट. या मर्यादेत रीडिंग उजेडाच्या सरळ प्रमाणात राहते.

एलडीआर चालणार नाही, त्याचा रोध उजेडाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. सोलर पाटीला नुसता मीटर लावून व्होल्टेज घेणेही चूक, कारण ते उजेडाच्या लॉगरिदमनुसार वाढते: उजेड निम्मा झाला तरी व्होल्टेज जेमतेम हलते. बागेतल्या सोलर दिव्याची पाटी तर प्रवाह मोजायलाही नको. तिच्यात अनेक पट्ट्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. लेसरचा ठिपका एकाच पट्टीवर पडतो आणि अंधारातल्या पट्ट्या प्रवाह अडवून धरतात.

याशिवाय ३६०° चे दोन छापील कोनमापक, काळा चार्ट पेपर, दोन लाकडी ठोकळे आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर.

> इशारा: ५ मिलिवॅटच्या लेसरकडे थेट बघू नका, कोणाला बघू देऊ नका. किरण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली, भिंतीकडे तोंड करून ठेवा. अंगठी, घड्याळ, स्टीलची पट्टी वाटेत येऊ देऊ नका.

टप्पा १: प्रश्न आधी कागदावर

लेसर चालू करण्यापूर्वी तीन गोष्टी लिहा.

१. पाठवणारा कोणत्या अवस्था पाठवू शकतो? इथे दोन घेऊ: ०° ध्रुवीकरण आणि ४५° ध्रुवीकरण.

२. प्रत्येकीची पूर्वसंभाव्यता (मोजण्याआधी धरलेली संभाव्यता) किती? नाणे उडवून निवड केली असे धरू, म्हणजे १/२ आणि १/२. सुरुवातीची अनिश्चितता नेमकी १ बिट.

३. निकाल कोणते? दुसऱ्या फिल्मपाशी फोटॉन एकतर आरपार जातो किंवा अडतो. दोनच.

पूर्वसंभाव्यता लेसरच्या उजेडावरून ठरत नाही, ती तुम्ही ठरवता. ४५° ला उजेड कमी पडला म्हणून तिची पूर्वसंभाव्यता कमी धरायची, ही चूक फार दिसते.

अजून एक गोष्ट याच पानावर लिहून ठेवा: आपला हिशेब *एका फोटॉनमागे* आहे. लेसरमधून अब्जावधी फोटॉन येतात, त्यामुळे मीटरकडे बघून ०° आहे की ४५° हे कोणीही सांगेल. मग पुढच्या हिशेबात माहिती जेमतेम ०.४ बिटच का येते? कारण उजेडाचा जो अंश आरपार जातो, तीच एकट्या फोटॉनची आरपार जाण्याची संभाव्यता असते. मीटरने आपण ती संभाव्यता मोजतो. माहितीचा हिशेब मात्र असा एकच फोटॉन हाती आला असता तर किती कळले असते, याचा आहे.

टप्पा २: मांडणी

क्रम असा: लेसर, पहिली फिल्म (अवस्था तयार करणारी), दुसरी फिल्म (मोजणारी), फोटोडायोड. सगळे एका सरळ रेषेत, फिल्म किरणाला काटकोनात. दोन्ही फिल्म कोनमापकाच्या मध्ये गोल भोक पाडून बसवा. किरणाच्या वाटेत कोनमापकाचे प्लास्टिक येता कामा नये. सेलोटेप फक्त कडेला लावा. सेलोटेप आणि पारदर्शक प्लास्टिक ध्रुवीकरणाची दिशा बदलतात. किरण टेपमधून गेला तर संपूर्ण तक्ता खोटा ठरतो आणि वरवर काही चुकल्याचे दिसतही नाही.

फोटोडायोडभोवती काळ्या चार्ट पेपरची नळी करा. खिडकीतून ऊन येत असेल आणि वर पंखा फिरत असेल तर मीटरचा शेवटचा आकडा सतत नाचतो. खिडकी झाका. कूलरचा झोत टेबलावर नको, फिल्म थरथरते. जिनिंगच्या दिवसांत कापसाचा बारीक तंतू हवेत असतो आणि तो लेसरच्या भिंगावर चिकटतो. दर तासाला मऊ कोरड्या कापडाने भिंग पुसा.

पॉइंटरमधला डायोड लेसर मुळातच ध्रुवीकृत असतो. त्यामुळे पहिली फिल्म फिरवली की पुढे जाणारा उजेड बदलतो. लेसरची नळी स्वतःभोवती फिरवून अशी बसवा की पहिली फिल्म ०° वर आणि ४५° वर असताना उजेड साधारण सारखा मिळेल. तंतोतंत सारखा नसला तरी चालतो, चौथ्या टप्प्यातला भागाकार तो फरक काढून टाकतो.

लेसर चालू करून दहा मिनिटे थांबा. तापमान बदलले की डायोडचा उजेड बदलतो. टिनाच्या छताखालची प्रयोगशाळा असेल तर रीडिंग सकाळीच उरकून घ्या.

> तपासणी: दुसरी फिल्म कुठल्याही कोनावर ठेवून रीडिंग घ्या, मग बरोबर १८०° फिरवून पुन्हा घ्या. दोन्हींत २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर फिल्म तिरकी आहे किंवा ठिपका फोटोडायोडवरून घसरतो आहे. पुढे जाऊ नका.

टप्पा ३: कोन जुळवणे

फिल्मचा खरा अक्ष कोणता हे शोधत बसू नका. आपल्याला दोन फिल्ममधला कोन हवा आहे. पहिली फिल्म तिच्या कोनमापकाच्या ० वर ठेवा. दुसरी फिरवत सगळ्यात अंधार कुठे होतो ते ढोबळ बघा. तळाशी रीडिंग फार हळू बदलते, म्हणून नेमका बिंदू डोळ्याने सापडत नाही. त्याऐवजी तळाच्या दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांवर सारखेच रीडिंग देणारे दोन कोन शोधा. त्यांचा मध्य म्हणजे काटकोनाची जागा. तिथे दुसऱ्या कोनमापकावर ९० ची खूण येईल असे बसवा.

आता दिशेची बाब. दोन्ही कोनमापक एकाच बाजूने वाचा, फोटोडायोडकडून लेसरकडे बघत. एक या बाजूने आणि दुसरा त्या बाजूने वाचला तर पहिल्या फिल्मचे ४५° हे दुसरीच्या दृष्टीने १३५° होते. मग सगळ्यात जास्त माहिती देणाऱ्या मांडणीतून शून्य माहिती येते आणि दोष फिल्मला दिला जातो.

कोन १ अंशाने चुकला तर काय होते? संभाव्यता १/२ च्या आसपास असेल तिथे ती सुमारे ०.०१७ ने हलते. ० किंवा १ च्या जवळ असेल तर जवळपास हलत नाही.

> तपासणी: दोन्ही फिल्म समांतर असतानाचे आणि काटकोनात असतानाचे रीडिंग घ्या, अंधाराचे रीडिंग वजा करा. काटकोनातले रीडिंग समांतरच्या १ टक्क्याहून जास्त असेल तर फिल्म हलकी आहे. दुसरी आणा.

ही अट कडक वाटेल, पण तिला कारण आहे. आदर्श फिल्मने ०°/९०° मोजमापात (मोजणारी फिल्म ०° वर, तिचा काटकोन ९०° वर; हिशेब सहाव्या टप्प्यात) ०.३११ बिट मिळायला हवेत. फक्त २ टक्के गळती धरा, म्हणजे १ च्या जागी ०.९८. माहिती ०.२५६ वर येते. दोन टक्क्यांच्या गळतीत जवळपास १८ टक्के माहिती गेली. जिथे निकाल खात्रीचा असतो, तिथली छोटी गळती सगळ्यात महाग पडते.

टप्पा ४: रीडिंग घेण्याचा क्रम

आधी सगळ्यात चांगली मांडणी करू. मोजणारी फिल्म १५७.५° वर (म्हणजेच उणे २२.५°) आणि तिचा काटकोन ६७.५° वर. पाठवलेल्या दोन अवस्थांच्या मधोमध फिल्म ठेवायची नाही, त्यांच्या दोन्ही बाजूंना सारखी बाहेर ठेवायची.

प्रत्येक अवस्थेसाठी या क्रमाने चार रीडिंग:

१. लेसरसमोर काळा कागद धरून: अंधाराचे रीडिंग.
२. दुसरी फिल्म १५७.५° वर: "आरपार".
३. दुसरी फिल्म ६७.५° वर: "अडला".
४. पुन्हा १५७.५° वर.

दुसरे आणि चौथे रीडिंग २ टक्क्यांच्या आत जुळले पाहिजे. नाही जुळले तर सेल बसत आहेत किंवा लेसर तापतो आहे. चारही रीडिंग रद्द करून पुन्हा घ्या, सरासरी काढून वेळ मारून नेऊ नका.

९०° फिरवल्यावरच्या रीडिंगला "अडला" का म्हणायचे? एका अक्षावर जो फोटॉन अडला असता, तोच काटकोनाच्या अक्षावर आरपार गेला असता. आणि फिल्म स्वतः जो थोडा उजेड गिळते, तो दोन्ही रीडिंगमध्ये सारखाच असल्यामुळे भागाकारात निघून जातो.

टप्पा ५: संभाव्यतेचा तक्ता

उदाहरणासाठी आकडे धरू, सगळे मिलिव्होल्टमध्ये, अंधाराचे रीडिंग ०.९.

| पाठवलेली अवस्था | आरपार | अडला | वजाबाकीनंतर | संभाव्यता |
|---|---|---|---|---|
| ०° | ६२.४ | १२.० | ६१.५ आणि ११.१ | ०.८४७ आणि ०.१५३ |
| ४५° | १०.३ | ५५.७ | ९.४ आणि ५४.८ | ०.१४६ आणि ०.८५४ |

प्रत्येक ओळीला त्याच ओळीच्या बेरजेने भागायचे: ७२.६ ने आणि ६४.२ ने. सगळ्या तक्त्याच्या एकूण बेरजेने भागले तर लेसरचा उजेड चोरपावलांनी पूर्वसंभाव्यतेत शिरतो. अंधाराचे रीडिंग वजा करायला विसरलात तर ०.१५३ चे ०.१६१ होतात, आणि तेवढी माहिती कारण नसताना हातची जाते.

आता प्रत्येक ओळीला १/२ ने गुणा: ०.४२३५, ०.०७६५, ०.०७३, ०.४२७.

> तपासणी: चारही आकड्यांची बेरीज १ आली पाहिजे. सैद्धांतिक संभाव्यता २२.५° च्या कोसाइनचा वर्ग, म्हणजे ०.८५४, आणि उरलेली ०.१४६. तुमचे आकडे यापासून ०.०२ पेक्षा जास्त दूर असतील तर टप्पा ३ वर परत जा.

टप्पा ६: बिट काढणे

सूत्र शब्दांत:

माहिती = निकालाची एन्ट्रॉपी − (कोणती अवस्था पाठवली हे माहीत असतानाही निकालात उरणारी सरासरी एन्ट्रॉपी)

एन्ट्रॉपी म्हणजे प्रत्येक संभाव्यतेला तिच्या लॉगने गुणून बेरीज करायची आणि चिन्ह बदलायचे. लॉग पाया २ चा. कॅल्क्युलेटरवर पाया १० चा लॉग येतो, त्याला ३.३२१९ ने गुणा. ज्यांनी नैसर्गिक लॉग घेतला त्यांचे उत्तर नॅटमध्ये येते: ०.३९९ बिटच्या जागी ०.२७७. इतके ठरावीक कमी उत्तर दिसले की आधी लॉगचा पाया तपासा.

आपल्या आकड्यांवर:

- आरपारची एकूण संभाव्यता ०.४९६५, अडल्याची ०.५०३५. निकालाची एन्ट्रॉपी १.०००.
- ०° च्या ओळीची एन्ट्रॉपी ०.६१७, ४५° च्या ओळीची ०.६००. सरासरी ०.६०९.
- माहिती = १.००० − ०.६०९ = ०.३९१ बिट.

जो निकालाच्या एन्ट्रॉपीलाच माहिती म्हणतो तो इथे "पूर्ण १ बिट मिळाला" असे लिहितो. खरे उत्तर त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही करून बघा. त्यासाठी ०°/९०° मोजमाप सोपे आहे, तेही रीडिंग घ्या. आदर्श आकड्यांत: फोटॉन अडला तर तो ४५° चाच होता, शंका उरली नाही, १ बिट मिळाला. हे २५ टक्के वेळा घडते. आरपार गेला तर ०° असण्याची संभाव्यता २/३ आणि ४५° ची १/३. उरलेली एन्ट्रॉपी ०.९१८, म्हणजे मिळाले फक्त ०.०८२. सरासरी: ०.२५ × १ + ०.७५ × ०.०८२ = ०.३११. सूत्रानेही हेच येते (०.८११ − ०.५). दोन वाटांनी वेगळे उत्तर आले तर तक्त्यात चूक आहे.

पूर्वसंभाव्यता असमान असली की एक विचित्र गोष्ट दिसते. ४५° ची ०.९ आणि ०° ची ०.१ धरून हेच ०°/९०° मोजमाप करा. सुरुवातीची एन्ट्रॉपी ०.४६९. निकाल "आरपार" आला तर नंतरची ०.६८४, चक्क वाढली! विद्यार्थी इथे खाडाखोड करतात. करू नका, आकडा बरोबर आहे. एखादा निकाल आपली आधीची खात्री डळमळीत करू शकतो. सगळ्या निकालांची सरासरी मात्र कधीच उणे येत नाही. इथे ती ०.०९३ बिट आहे.

टप्पा ७: शून्याची आणि छताची परीक्षा

*शून्य.* दुसरी फिल्म २२.५° वर ठेवा, काटकोन ११२.५°. ०° आणि ४५° दोन्ही अवस्था या अक्षापासून सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून दोन्हींची आरपार जाण्याची संभाव्यता ०.८५४. निकालाची एन्ट्रॉपी ०.६०१, अवस्था माहीत असतानाची एन्ट्रॉपीही ०.६०१. माहिती शून्य. तुमच्या सामानावर ०.००५ पेक्षा जास्त आली तर कोन सरकलेला आहे. ही परीक्षा दिशेची गफलतही पकडते: १५७.५° वर शून्य आणि २२.५° वर ०.३९ आले तर कोनमापक उलट वाचला आहे.

*छत.* या दोन अवस्थांसाठी होलेव्होची मर्यादा (मोजमापातून मिळणाऱ्या माहितीची सैद्धांतिक वरची सीमा) ०.६०१ बिट आहे. ती अशी येते: दोन्ही अवस्थांच्या सरासरी घनता मॅट्रिक्सच्या (अवस्थांच्या मिश्रणाचे वर्णन करणाऱ्या मॅट्रिक्सच्या) आयगेन किमती (१ ± ०.७०७)/२, म्हणजे ०.८५४ आणि ०.१४६, आणि त्यांची एन्ट्रॉपी ०.६०१. एका फोटॉनवरच्या कोणत्याही मोजमापाने ही मर्यादा ओलांडता येत नाही. या जोडीसाठी प्रत्यक्षात मिळू शकणारी कमाल तर त्याहून खाली, ०.३९९ आहे. उत्तर ०.३९९ च्या वर गेले तर आनंद मानू नका, चूक शोधा. बहुधा अंधाराचे रीडिंग दुप्पट वजा झालेले असते किंवा मीटरची रेंज मध्येच बदललेली असते.

फोटोडायोडच्या आधी तिसरी फिल्म लावून त्याच फोटॉनकडून अजून माहिती काढण्याचा प्रयत्नही होतो. तो फुकट जातो. दुसऱ्या फिल्ममधून निघालेला फोटॉन तिच्या अक्षावर ध्रुवीकृत असतो, आधी तो ०° चा होता की ४५° चा याचा मागमूस त्याच्यात उरत नाही. एकाच अवस्थेचे तीन वेगळे फोटॉन मोजले तर माहिती नक्की वाढते, पण ३ × ०.३९९ = १.१९७ असे लिहू नका. प्रश्न १ बिटचा आहे, उत्तर १ च्या पुढे जाऊच शकत नाही.

टप्पा ८: क्लिक मोजून हिशेब करणार असाल तर

काही जण एक्सेलमध्ये यादृच्छिक आकडे टाकून किंवा सिम्युलेटरवर एकेक फोटॉन पाठवून हाच प्रयोग करतात. मग संभाव्यतेच्या जागी मोजलेली संख्या येते आणि नवी चूक शिरते: थोड्या क्लिकवरून काढलेली माहिती सरासरीने खऱ्यापेक्षा जास्त येते. दोन अवस्था आणि दोन निकालांच्या तक्त्यात हा फुगवटा साधारण ०.७२ भागिले एकूण क्लिक इतका असतो. ३० क्लिकवर ०.०२४ बिट, १००० वर ०.०००७. शून्य माहितीच्या मांडणीतही ३० क्लिकवर शून्य दिसणार नाही, ते याच कारणाने. किमान १००० क्लिक घ्या आणि हा आकडा वजा करा. एखाद्या चौकटीत शून्य क्लिक आले तर कॅल्क्युलेटर शून्याचा लॉग देत नाही. त्या चौकटीचे योगदान शून्य धरून पुढे जा, मनाने १ टाकू नका.

जर्नलमध्ये काय लिहायचे

पूर्वसंभाव्यता, दोन्ही फिल्मचे कोन आणि ते कोणत्या बाजूने वाचले, अंधाराचे रीडिंग, गळतीची टक्केवारी, तिन्ही मांडण्यांचे तक्ते. उत्तर लिहिताना "०.३९१ बिट" एवढेच नको. "०° आणि ४५°, सारखी पूर्वसंभाव्यता, १५७.५°/६७.५° मोजमाप, एका फोटॉनमागे ०.३९१ बिट" असे लिहा, आणि शेजारच्या रकान्यात ०.३९९ व ०.६०१ हे दोन्ही आकडे ठेवा.